हिवरावरची चादर

आमच्या घरात कोरा कागद मी फार उशिरा पाहिला. जो कागद असायचा त्याच्या एका बाजूला कशाचा तरी निषेध छापलेला असायचा. दुसरी बाजू माझी. पाढे, शुद्धलेखन, फुलाची आकृती, सगळं मी पत्रकांच्या पाठीवर काढलं. बाबा गुलाबी कागदावर छापून घ्यायचे, कारण बुलढाण्याच्या छापखान्यात तोच स्वस्त पडायचा. त्यामुळे माझं प्राथमिक शिक्षण बरंचसं गुलाबी आहे.

बाबांचं गावात सायकल दुरुस्तीचं दुकान. दिवसभर पंक्चर, संध्याकाळी पत्रक. रेशनची ज्वारी किडकी आली की पत्रक, वस्तीतल्या हातपंपाचा दांडा मोडला की पत्रक, एसटी थांब्यावर थांबली नाही की एसटीवर पत्रक. धाडच्या बाजारात आम्ही दोघं ती वाटायचो, मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून. बाबांचा एक नियम होता. "हातात कांद्याची थैली असलेला मानूस न थांबता वाचू शकला पाह्यजे, ते वरची ओळ. तो थांबला, तं खालचं त्याच्यासाठी." मी त्या वरच्या ओळींवर वाढले. आजही मला कुणी 'कशी आहेस' विचारलं तर डोक्यात आधी उद्गारचिन्ह येतं.

आई पत्रकं वाचायची नाही असं नाही. वाचायची, आणि मग त्यात लसूण बांधून ठेवायची.

आमचं गाव बुलढाणा आणि धाड यांच्या मधल्या पठारावर. गावामागे माळ आणि माळापलीकडे चांदमारी, म्हणजे फौजेचं गोळीबाराचं मैदान. मोठी छावणी वगैरे नाही. एक चौकी, चार बराकी आणि बाहेरून सरावाला येणाऱ्या तुकड्यांचे तंबू. गोळीबार सुरू झाला की शाळेत गुरुजी तेवढ्यापुरते थांबायचे आणि वाक्य जिथे सोडलं तिथूनच पुढे उचलायचे. वस्तीतली बाळं त्या आवाजात झोपतात. उलट एखाद्या पाव्हण्याने टाळी वाजवली तर दचकून उठतात.

चांदमारी आणि गाव यांच्यामध्ये एक लांब पट्टा आहे. ती ई-क्लास जमीन, म्हणजे सरकारी गायरान. तिथे कमरेइतकं गवत येतं. मारवेल, पवन्या, कडेकडेने कुसळी. आमच्या वस्तीत बहुतेकांना शेत नाही. विहारामागे घर, घरामागे गोठा, गोठ्यात एखादी म्हैस नाहीतर शेळ्या. वर्षाचा चारा त्या पट्ट्यातून येतो. दसरा झाला की बाया विळे घेऊन निघतात, आणि माळ पिवळा पडून उघडा होईपर्यंत रोज सकाळी गवतात असतात. आमची म्हैस, तिचं दूध, त्या दुधाच्या जोरावर झालेलं माझं बुलढाण्यातलं कॉलेज, हे सगळं आईने त्या पट्ट्यातून डोक्यावर आणलेलं आहे.

गोळ्या आणि बाया एकाच माळावर कशा नांदतात, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही, आम्ही बघतच मोठे झालो. चांदमारीच्या टेकाडावर लाल निशाण चढलं की गोळीबार. मग कुणी पट्ट्यात पाय टाकत नाही. आणि पट्ट्याच्या उंचवट्यावर एक एकटा हिवर आहे, काटेरी, वाऱ्याने एका बाजूला कललेला. त्याच्यावर पांढरं कापड दिसलं की बाया गवतात आहेत; मग लाल निशाण चढत नाही. बाया भारे घेऊन बाहेर आल्या की कापड उतरतं आणि दुपारनंतर गोळ्यांची पाळी. हे कुणी ठरवलं ते कुणालाच ठाऊक नाही. पहिलं कापड कुणाचं तरी धोतर असावं, कारण आजही बाया 'धोतर लावलं का वं?' असंच विचारतात, मग ती उसवलेली मैद्याची गोणी का असेना.

अलीकडे मात्र माळाच्या रस्त्याकडच्या बाजूला रंगवलेले दगड दिसायला लागले होते. प्लॉट. एके ठिकाणी तर कमानही उभी राहिली. कमानीवर सिमेंटचे दोन हत्ती, आणि हत्तींच्या मागे काही म्हणजे काही नाही. ज्यांची शेतं चांदमारीला लागून होती त्यांच्याकडे एजंट चहाला येऊन बसायचे. अशाच काळात तो करार आला.

करार तिघांचा होता. फौजेला चांदमारीभोवती घरं नको होती. घरं आली की तक्रारी येतात, आणि भलतीकडे गेलेल्या गोळीला माणूस सापडतो. पुण्याच्या एका संस्थेला माळरान आणि त्यातले पक्षी राखायचे होते, विशेषतः तणमोर, जो पावसाळ्यात गवतातून उड्या मारतो. तिसरा हिस्सा जिल्ह्याच्या योजनेतून येणार होता. तिघांनी मिळून पैसा घालायचा आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांना दरवर्षी काही रक्कम द्यायची. बदल्यात शेतकऱ्याने जमीन प्लॉटवाल्यांना विकायची नाही, त्यावर घर बांधायचं नाही, फक्त पीक किंवा गवत. मला खरं सांगायचं तर कल्पना आवडली. सिमेंटच्या हत्तींपेक्षा तणमोर केव्हाही बरा.

मग ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कराराचा मसुदा लागला. मी तेव्हा बुलढाण्याहून सुट्टीला आले होते. फळ्यासमोर उभी राहून मी तो शेवटपर्यंत वाचला, कारण पत्रकवाल्याची मुलगी खालचं बारीक आधी वाचते. ई-क्लासबद्दल एकच परिच्छेद होता: 'सदर क्षेत्रावर सद्यःस्थितीत कोणाचाही वापर नाही. सबब सदर क्षेत्रास कुंपण घालून प्रवेश बंद करण्यात यावा.'

कोणाचाही वापर नाही! माझी आई, मावशी, वस्तीतल्या झाडून साऱ्या बाया, त्यांच्या डोक्यावरचे भारे आणि मानेवरचे ओरखडे, सगळं त्या एका ओळीत पुसलं गेलं होतं. कारण सोपं होतं. शेतकऱ्यांच्या नावाने सातबारा असतो. ज्याच्याकडे सातबारा, त्याला करारात जागा. गवत कापणाऱ्या बाईच्या नावाने फक्त विळा असतो.

मी घरी आले तेव्हा बाबांनी दुकान लवकर बंद केलेलं होतं. त्यांनाही कळलं होतं. जेवायच्या आधीच आमचं वरच्या ओळीवरून जुंपलं.

"करार रद्द करा!" बाबा म्हणाले. "बस. चार अक्षरं जास्त नको."

"रद्द काऊन?" मी म्हणाले. "करार रद्द झाला तर परवा तिथे तिसरा हत्ती उभा राहील. 'करारात आम्हाला घ्या' असं पाहिजे."

"फौजेच्या पैशात घ्या म्हनून हात जोडाचे? आपुन?"

"हात कोण जोडतंय? हक्क मागतेय मी."

"हक्क मागाची ओळ अशी नसते, पोरी. हे तं लग्नपत्रिकेची ओळ हाये. 'आम्हाला घ्या'!"

आई भाकरी थापत होती. तिने तवा उतरवला. "तुमचं दोघायचं झालं असन तं सांगा. वरची ओळ काय ठेवाची ते ठेवा. मले गवत पाह्यजे. दसऱ्यानंतर म्या त्या पट्ट्यात जाईन का नाई, तेवढं लिहा कुठीतरी."

तेवढंच कुठे लिहावं, हे आम्हाला सुचत नव्हतं. सरपंचांना निवेदन दिलं. सरपंच भला माणूस, त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "तुमचं खरं हाये. पन साहेब म्हनते पुरावा दाखवा. बाया गवत कापते याचा काही दाखला हाये का?" मी म्हटलं, आमची म्हैस आहे. ते हसले. "म्हशीले सही करता येते का?"

पुरावा नव्हता. ई-क्लासमधून कापलेल्या गवताची पावती कोण देणार?

पोळा झाला आणि कळलं की तिघे भागीदार पाहणीला येणार आहेत. फौजेचे नवे मेजर, पुण्याच्या संस्थेच्या ताई, जिल्ह्याचे एक अधिकारी. माळाच्या टोकाला, रस्त्याशी, मांडव पडणार. आधी गोळीबाराचं प्रात्यक्षिक होणार, म्हणजे इथे घरं का नकोत ते पाहुण्यांना कानांनी समजेल. मग चहा आणि मग सह्या. सह्या झाल्या की कुंपणाचे खांब येणार. खांब आले की आई गवताच्या बाहेर.

"पत्रक नाई पुरन," बाबा म्हणाले. "साहेब लोक पत्रक घडी करून खिशात ठेवते. फलक पाह्यजे. दिसला पाह्यजे."

फलकाला कापड आईने दिलं. धाडच्या बाजारातून आणलेली पांढरी चादर, कुणी पाहुणा आला तरच अंथरायची अशी. तिने ती ट्रंकेतून काढली, एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "डाग जाईन का याचा?" आम्ही दोघांनी एका सुरात सांगितलं की जाईल. तो लाल ऑइलपेंट होता. जाणार नव्हता. आईलाही माहीत होतं.

वरच्या ओळीवर शेवटी तह झाला. रद्द नाही, घ्या नाही. 'गवत आमचं, करारात नाव कुणाचं?' मी अक्षरं काढली, बाबांनी प्रश्नचिन्ह काढलं; प्रश्नचिन्हाचं पोट त्यांना मनासारखं गोल लागतं.

पाहणीच्या सकाळी मी आणि बाबा फलक घेऊन निघालो. लावायचा कुठे? मांडवातून, रस्त्यावरून, सगळीकडून दिसेल असं माळावर एकच ठिकाण. हिवर. बाबांनी खोडाला सायकल टेकवली, मी सीटवर उभी राहिले, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आणल्या होत्या त्यांनी चादर फांदीला आवळली. काट्यांनी दोन्ही हात सोलून निघाले. बाबा खालून सांगत होते, "डावं वर घे. अजून. अक्षरं रस्त्याकडं पाह्यजे, चांदमारीकडं कोन वाचन?" मी अक्षरं नीट रस्त्याकडे केली. चांदमारीकडे चादरीची कोरी पाठ गेली.

हे लिहिताना आता हसू येतं. त्याच झाडाखाली मी लहानपणी चुंबळ घेऊन आईची वाट बघत बसलेली आहे. पण बाप-लेक दोघंही अक्षरांची माणसं. आम्हाला फलक दिसत होता. पांढरं कापड आमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही.

मांडवाशी गेलो तेव्हा वस्तीतल्या बाया आधीच येऊन उभ्या होत्या, पदर खोचून. पुढे मावशी. ही शेजारीच उभ्या असलेल्या माझ्या आईची मैत्रीण. सख्खी नसली तरी सगळ्या वस्तीची मावशी तीच, आणि गवताला निघताना बायांना हाका मारायचा मान तिचा. तिने फलकाकडे बघितलं.

"वाचता येऊन राह्यलं का मावशी?" मी विचारलं.

"अक्षरं लय देखणी काढली वं. लग्नाचं जमलं असं वाटून राह्यलं."

पाहुण्यांच्या गाड्या आल्या. मेजर उंच, तरुण, घड्याळाकडे बघणारे. पुण्याच्या ताईंच्या गळ्यात दुर्बीण. उतरल्या उतरल्या त्या हिवराकडे बघून थांबल्या आणि ओठ हलवत फलक वाचला. बाबांनी मला कोपर मारलं. वरची ओळ काम करत होती.

मेजरांनीही वाचला. त्यांनी सरपंचांना विचारलं, सरपंचांनी आमच्याकडे बोट दाखवलं. "बाद में बात करेंगे," मेजर म्हणाले. "पहले डेमो." त्यांनी वायरलेस तोंडाशी धरला आणि हुकूम दिला.

सगळे चांदमारीकडे बघत उभे राहिले. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी कानांत बोटं घातली.

काहीच झालं नाही.

मेजरांनी पुन्हा हुकूम दिला. टेकाडावर लाल निशाण चढलेलंच नव्हतं. माळावर इतकी शांतता की चंडोलाचा आवाज ऐकू यायला लागला. ताई खूश होऊन दुर्बिणीने चंडोल शोधू लागल्या. अधिकाऱ्यांनी एक बोट काढून बघितलं, परत घातलं.

"फायर क्यों नहीं हो रहा?" मेजर वायरलेसवर ओरडले.

खरखर झाली, आणि मग चौकीवरचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "साब, सफेद कपड़ा लगा है. औरतें घास में हैं."

"कौन सी औरतें?"

"गाँव की, साब. पेड़ पे कपड़ा है."

आईने पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं ती घाबरली. मग तिचे खांदे हलताना दिसले. तिला सगळ्यांच्या आधी उमगलं होतं. तिने मावशीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मावशीने कपाळावर हात मारून घेतला, मोठ्याने, आनंदाने.

"साहेब," मावशी पुढे झाली, "घासमधल्या औरता आमीच. पन आमी तं अठी उभ्या हाओत!"

तेव्हा कुठे माझी मान हिवराकडे वळली. चादर वाऱ्यावर फुगली होती. चांदमारीकडून ती कशी दिसत असेल ते मला एकदम दिसलं. नुसती पांढरी. बाबांकडे बघितलं तर ते प्रश्नचिन्हाइतके गोल डोळे करून उभे.

मेजरांनी चौकीवरच्या हवालदाराला बोलावून घेतलं. तो मोटरसायकलवर आला. मिशा पिकलेला, शांत माणूस. सलाम ठोकून उभा राहिला.

"औरतें तो यहाँ खड़ी हैं," मेजर म्हणाले. "फायर क्यों रोका?"

"कपड़ा लगा है, साब."

"वो बैनर है!"

हवालदाराने मान वळवून बघितलं. "उधर से कपड़ा है, साब."

"ये किसका ऑर्डर है? कपड़ा देखके फायर रोकना?"

"ऑर्डर नहीं, साब. तरीका है. हम आए तब पुराने हवालदार ने बताया, लाल हमारा, सफेद उनका. सफेद लगा तो गोली नहीं. हमने अपने लड़कों को बताया. हर साल घास के टाइम लगता है."

"हर साल?"

"हर साल, साब. इस बार जल्दी लग गया. हम सोचे, घास जल्दी पक गई होगी."

बाया हसायला लागल्या. मी हसले नाही. माझ्या झोळीत मसुद्याची प्रत होती, ती मी काढली आणि बाजारात वाचावी तशी मोठ्याने वाचली. "सदर क्षेत्रावर सद्यःस्थितीत कोणाचाही वापर नाही!" आणि पुढे मला जे बोलायचं होतं, रात्रभर पाठ केलेलं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. म्हणून मी फक्त म्हणाले, "मग तुमच्या गोळ्या दरवर्षी कुणासाठी थांबतात?"

मेजर माझ्याकडे बघत राहिले, मग हवालदाराकडे, मग कागदाकडे. ते नवीन होते. पण आपल्याच चौकीचा शब्द आपल्याच वायरलेसवर सगळ्यांनी ऐकल्यानंतर नाही म्हणणारा माणूस ते नव्हते. ताईंनी मसुदा माझ्या हातातून घेतला. "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या.

"तुमी इचारलं कोनाले?" मावशी म्हणाली. "पाखराइले इचारलं असन."

ताई लाल झाल्या, आणि मग त्याही हसल्या. पण लगेच म्हणाल्या की त्यांचीही अडचण आहे: सगळं गवत एकदम कापलं तर पाखरांनी लपायचं कुठे? कुठेकुठे कोपरे राखता येतील का? मावशीने बायांकडे बघितलं. "हिवराच्या मांगचं राखू. तठी तसंही कुसळं हाये. पायाले टोचते, मेलं." पुण्याच्या संस्थेला आणि आमच्या मावशीला एकाच तुकड्यात एकाच वेळी आपापला फायदा दिसला. असे करार टिकतात.

"ठीक है," मेजर म्हणाले. "इस पर सोचेंगे. अभी वो बैनर उतारिए. डेमो करना है."

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी हाताची घडी घातली. "लावलेली घोषणा आपुन उतरवत नाई."

"आप उतार दो," मेजर हवालदाराला म्हणाले.

"हम नहीं उतार सकते, साब," हवालदार अगदी नम्रपणे म्हणाला. "सफेद उनका है. वो लोग ही उतारते हैं."

तो काय करतो आहे हे त्याला कळत होतं का, मी आजवर ठरवू शकलेले नाही. मिशांमुळे नीट दिसलं नाही.

आता सगळे आईकडे बघत होते, कारण ती पुढे आली होती. आई चारचौघांत बोलत नाही. बाबांच्या सभांना ती मागच्या सतरंजीवर तांदूळ निवडत बसलेली मी पाहिली आहे. ती मेजरांना म्हणाली, "कागदावर लिहा साहेब. मंग म्या सोता उतरवतो."

"माँजी, ऊपर से मंजूरी लेनी पड़ेगी."

"घ्या ना. हिवराले काही घाई नाई." आणि जराशाने, "म्हनान तं अर्धं उतरवतो."

अधिकाऱ्यांनी कानांतली दोन्ही बोटं काढली आणि पहिल्यांदाच काहीतरी कामाचं बोलले. मसुदा अजून मसुदाच आहे, त्यात दुरुस्ती आजच्या पाहणीत सुचवता येते, तिघांनी आणि सरपंचांनी शेजारी सही करायची, मग ती पुढे जाईल. ताईंनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला, 'कोणाचाही वापर नाही'वर आडवी रेघ मारली आणि मला विचारलं, "काय लिहू? सांगा."

ह्या क्षणासाठी मी आयुष्यभर गुलाबी कागद वाटले होते. मी सुरुवात केली: "पिढ्यान्‌पिढ्या या मातीशी इमान राखणाऱ्या, श्रमाच्या घामाने..."

"थांब वं," आई म्हणाली. "बाई, लिहा. गवत पिकलं की गावच्या बाया आत जातीन. पांढरं दिसलं की गोळी नाई. कुंपनाले फाटक राहीन, अन् त्याले कुलूप नाई."

ताईंनी ते प्रमाण भाषेत लिहिलं. बाबांनी खांद्यावरून वाचलं. मला वाटलं ते आता उद्गारचिन्ह मागणार. त्यांनी मागितलं नाही. सरपंचांनी सही केली, ताईंनी केली, अधिकाऱ्यांनी केली. मेजरांनी सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात स्पष्ट.

"काढ आता," आई मला म्हणाली.

"तू सोता उतरवणार होतीस ना?"

"म्या झाडावर चढू? तुवा बांधली ना?"

ट्यूबच्या पट्ट्या सुटता सुटेनात. बाबांनी सायकल धरली, हवालदाराने मला खालून आपला चाकू दिला, आणि बाया खालून इतकं बोलत होत्या की काटे टोचतात हेही विसरायला झालं. "अवं, लवकर! साहेबायचा चहा थंडा होऊन राह्यला!" "राहू दे वं, तठीच घर कर. प्लॉट पाडू आपुन!" चादर उतरली. आम्ही पट्ट्याबाहेर आलो. थोड्या वेळाने टेकाडावर लाल निशाण चढलं आणि गोळीबार सुरू झाला. अधिकाऱ्यांची बोटं परत कानांत गेली. विहारामागे कुणाचं तरी रडणारं बाळ गप्प झालं.

करार झाला. पक्क्या कागदावर आईचं वाक्य सरकारी होऊन आलं, 'सबब' आणि 'सदर' लावून, पण आतला अर्थ तोच होता; मी तो बारीक वाचला. सगळं मिळालं असं मात्र नाही. शेतकऱ्यांना गवत राखल्याचे पैसे मिळतात आणि वणवा लागू नये म्हणून कडेचे पट्टे साफ करणाऱ्या आमच्या बायांना अजून एक पैसा मिळत नाही. हे बरोबर नाही. त्यावर पत्रक तयार आहे. वरच्या ओळीवर बाबांचा आणि माझा तह अजून व्हायचा आहे.

दसरा झाला आणि गवत पिकलं. पहिल्या सकाळी मीही गेले. फाटकाला कुलूप नव्हतं. मावशीने ते मुद्दाम दोनदा उघडझाप करून पाहिलं. हिवराखाली बाया थांबल्या. "धोतर आनलं का वं कोनी?" आईने पिशवीतून चादर काढली. तिने ती घासघास घासली होती. अक्षरं गुलाबी होऊन राहिली होती.

"अक्षरं कोनीकडं करू?" मी फांदीवरून विचारलं.

"कोनीकडंही कर. पांढरं चांदमारीकडं पाह्यजे."

मी बांधली. पलीकडे टेकाडावर कुणीतरी उभं होतं. त्याने हात वर केला. निशाणाची काठी रिकामी होती. आईने विळा कमरेला खोचला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि गवतात शिरली. तिच्या पुढ्यातून लाव्यांचा एक थवा भर्रकन उडाला. पलीकडच्या राखलेल्या कुसळीत पुण्याच्या ताई दुर्बीण लावून पोटावर पडल्या होत्या. फक्त टोपी दिसत होती.

"ओ बाई!" मावशी ओरडली. "डोकं वर ठेवा! इळा चालून राह्यला!"

"हाव!" गवतातून उत्तर आलं. पुण्याच्या तोंडून, आमच्या भाषेत.